पुण्याच्या लॅबमध्ये एस्टर ओळखताना: इथाइल ॲसिटेटचे गुणधर्म, पायरीपायरीने

इथाइल ॲसिटेटचा उत्कलनबिंदू ७७.१ अंश सेल्सिअस, हे पाठ असलेला विद्यार्थी पुण्यातल्या लॅबमध्ये थर्मामीटरवर ७५ बघतो आणि जर्नलमध्ये ७७ लिहून मोकळा होतो. मला हे फार खुपतं, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेला ७५ हाच बरोबर असतो. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. आपण समुद्रापासून साडेपाचशे मीटरहून उंच बसलो आहोत.

हा लेख बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला द्रव ओळखायला बसणाऱ्यांसाठी, बारावीला एस्टरचा वास पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही आहे. एस्टर म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून बनणारा पदार्थ. उदाहरण म्हणून इथाइल ॲसिटेट घेतलं आहे. ते स्वस्त आहे, प्रत्येक कॉलेजात असतं आणि एस्टरचे बहुतेक सगळे गुण त्यात स्पष्ट दिसतात. शेवटी आणखी दोन एस्टरांकडेही बघू.

आधी एक तुलना मनात ठेवा

ब्युटिरिक आम्ल आणि इथाइल ॲसिटेट या दोघांत अणू अगदी तेच आहेत: चार कार्बन, आठ हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. रेणुभारही एकच, ८८.११. तरीही ब्युटिरिक आम्ल १६३ अंशांच्या पुढे उकळतं आणि इथाइल ॲसिटेट ७७ ला. एकाला खवट लोण्याचा वास, दुसऱ्याला फळाचा.

फरक कुठून येतो? आम्लाच्या रेणूत ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन असतो. त्याच्या जोरावर आम्लाचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधाने धरून ठेवतात. एस्टरमध्ये त्या हायड्रोजनच्या जागी इथाइल गट येऊन बसलेला असतो. त्यामुळे एस्टरचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंध देऊ शकत नाहीत आणि सहज सुटून हवेत जातात. म्हणून उत्कलनबिंदू कमी, म्हणून बाष्प भरपूर, म्हणून वास लांबवर जाणारा आणि म्हणूनच आगीचा धोकाही मोठा. पण एस्टरमधल्या ऑक्सिजनला पाण्याकडून हायड्रोजन बंध घेता येतो, म्हणून ते पाण्यात थोडं का होईना विरघळतं. खालच्या प्रत्येक पायरीत याच रचनेचा कुठला ना कुठला परिणाम तुम्ही मोजत असता.

काम सुरू करण्यापूर्वी

इथाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट उणे ४ अंश आहे. म्हणजे पुण्यात वर्षाच्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, उघड्या भांड्यावरचं बाष्प ठिणगीने पेटू शकतं. हवेत ते साधारण २ ते ११.५ टक्के असलं की पेट घेतं. बाष्प हवेच्या तिप्पट जड, त्यामुळे ते वर न जाता टेबलावरून सरपटत जातं आणि शेजाऱ्याच्या बर्नरपर्यंत पोचतं. आपला बर्नर बंद करून भागत नाही, त्या ओळीतले सगळे बर्नर बंद हवेत.

ऋतूचाही विचार करा. २० अंशांना या द्रवाचा बाष्पदाब सुमारे ७४ मिलिमीटर असतो, ३५ अंशांना सुमारे १५०. एप्रिलच्या दुपारी लॅब तापलेली असताना त्याच बाटलीच्या तोंडाशी डिसेंबरच्या सकाळपेक्षा दुपटीहून जास्त बाष्प असतं. उन्हाळ्यात हे प्रॅक्टिकल सकाळच्या बॅचला ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. दुपारीच करावं लागलं तर बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि मगच उघडा.

भांडी काचेचीच घ्या. थर्माकोल आणि पॉलिस्टायरीनचे पातळ पेले इथाइल ॲसिटेट विरघळवून टाकतं. मार्करने लिहिलेली लेबलं एका थेंबात पुसली जातात, म्हणून नाव पेन्सिलीने लिहा. चष्मा घाला आणि खिडक्या उघडा. एक्झॉस्ट चालू आहे का हे लॅबच्या मामांना विचारून घ्या, कारण तो पंखा कधी अडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पायरी १: रंग आणि वास

द्रव बिनरंगी आणि पाण्यापेक्षा पातळ वाहणारा दिसला पाहिजे. वास घेताना बाटली नाकाला लावू नका. काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर घ्या आणि हाताने हवा आपल्याकडे ओढा. अतिपिकलेल्या फळासारखा, थोडा नेलपॉलिशकडे झुकणारा गोडसर वास येतो. नाकाला या वासाची सवय फार लवकर होते, त्यामुळे पहिल्या दोन श्वासांत जे वाटलं तेच लिहा.

आता महत्त्वाचं: त्या वासात व्हिनेगरची आंबट धार आहे का? असेल तर बाटली जुनी आहे. झाकण सैल राहिलं, हवेतला ओलावा आत गेला आणि एस्टर हळूहळू परत आम्ल आणि अल्कोहोलमध्ये तुटू लागलं. खात्रीसाठी एक मिली द्रवात सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण घालून हलवा. बुडबुडे आले तर त्यात आम्ल आहे. शुद्ध एस्टर बायकार्बोनेटला काहीच दाद देत नाही. नेमक्या याच चाचणीने एस्टर आणि आम्ल वेगळे काढता येतात.

पायरी २: पाण्याशी कसं वागतं

ही पायरी बहुतेक जण दोन सेकंदांत उरकतात आणि जर्नलमध्ये ‘पाण्यात अविद्राव्य’ असं लिहितात. ते चूक आहे. २० अंशांना १०० मिली पाण्यात सुमारे ८.३ ग्रॅम इथाइल ॲसिटेट विरघळतं. उलट एस्टरच्या थरातही तीनेक टक्के पाणी शिरतं.

हे डोळ्यांनी बघा. झाकणाच्या मोजनळीत १० मिली पाणी घ्या, त्यावर १० मिली एस्टर हळूच सोडा. घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणून एस्टर वर राहतं. थरांची सीमा कुठल्या खुणेवर आहे ते लिहून ठेवा. झाकण लावून हलवा, मधे मधे झाकण सैल करून आतला दाब सोडा, मग नळी स्थिर ठेवा. सीमा वर सरकलेली दिसेल. वरचा थर जेमतेम एक मिलीने आटला, खालचा तितकाच वाढला. आता त्यात दोन-अडीच ग्रॅम मीठ घालून पुन्हा हलवा. पाणी मिठाकडे वळतं, एस्टरला सोडून देतं आणि वरचा थर पुन्हा फुगतो. एस्टर धुताना साध्या पाण्याऐवजी मिठाचं संपृक्त पाणी का घ्यायचं, याचं उत्तर या नळीत आहे. साध्या पाण्याने तीनदा धुतलं तर तुमचा माल बेसिनमध्ये जातो.

तापमान वाढलं की ही विद्राव्यता वाढत नाही, किंचित कमी होते. साखर-मिठाच्या सवयीने उलट लिहू नका.

साखळी लांबली की विद्राव्यता कशी घसरते तेही लक्षात घ्या. मिथाइल ॲसिटेट १०० मिली पाण्यात २४ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, इथाइल ८, ब्युटाइल एक ग्रॅमहूनही कमी आणि आयसोअमाइल ॲसिटेट जेमतेम ०.२ ग्रॅम. पाण्याकडून बंध घेणारा भाग प्रत्येकात तोच आहे, वाढत जाते ती पाण्याला नको असलेली कार्बनची शेपटी.

पायरी ३: शुद्ध आणि कोरडं करणं

पुढचे सगळे आकडे या पायरीवर अवलंबून आहेत. ओलं एस्टर उकळलं तर ७७ तर येत नाहीच, पण पुण्याचे ७५ही येत नाहीत. इथाइल ॲसिटेट आणि पाणी मिळून एक असं मिश्रण बनवतात जे एकाच ठरावीक तापमानाला, समुद्रसपाटीला ७०.४ अंशांवर, उकळतं. त्यात पाणी आठ-साडेआठ टक्केच असतं. अल्कोहोलबरोबरही असंच होतं. त्यात सुमारे ३१ टक्के इथेनॉल असतं आणि ते ७१.८ अंशांना उकळतं. म्हणजे नुसतं ऊर्ध्वपातन करून यातलं काहीच पूर्ण वेगळं होत नाही, आधी धुवावंच लागतं.

एस्टर तुम्ही स्वतः बनवलं असेल, म्हणजे इथेनॉल, ॲसिटिक आम्ल आणि थोडं तीव्र सल्फ्युरिक आम्ल उकळून, तर त्यात हे सगळे पाहुणे हमखास असतात. ही अभिक्रिया मधेच थांबते. तिचा समतोल स्थिरांक ४ च्या आसपास आहे. दोन्ही पदार्थ सम मोल घेतले तर सुमारे दोन तृतीयांश एस्टर होतं आणि बाकीचं तसंच उरतं. बर्थेलो आणि पेआँ द सँ-जील या दोघांनी पॅरिसमध्ये १८६२ च्या सुमारास हे मोजून दाखवलं.

धुण्याचा क्रम असा. आधी सोडियम कार्बोनेटचं द्रावण, आम्ल जाण्यासाठी. सेपरेटिंग फनेलमध्ये ते थोडं थोडं घाला, कार्बन डायऑक्साइड जोरात सुटतो, तोटी वर धरून वरचेवर उघडा. मग मिठाचं संपृक्त पाणी. मग कॅल्शियम क्लोराइडचं तीव्र द्रावण, इथेनॉल ओढून घेण्यासाठी. मधली मिठाची फेरी अनेक जण गाळतात. तसं केलं तर उरलेल्या कार्बोनेटची आणि कॅल्शियमची गाठ पडते, पांढरा साका बसतो आणि दोन थरांची सीमा दिसेनाशी होते.

आता कोरडं करणं. इथे पुण्याचं हवामान दोनदा आडवं येतं. पावसाळ्यात निर्जल सोडियम सल्फेटच्या उघड्या बरणीने आधीच ओलावा पिऊन ठेवलेला असतो. जून ते सप्टेंबर या काळात ते चिनीमातीच्या बशीत तापवून, गार करून मगच वापरा. उन्हाळ्यात अडचण वेगळी आहे. सोडियम सल्फेट पाणी धरतं ते दहा रेणूंचा हायड्रेट बनवून, आणि हा हायड्रेट ३२.४ अंशांच्या वर टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये लॅबचं तापमान ३५ असेल तर तुम्ही घातलेलं सल्फेट नुसतं तळाशी बसून राहतं. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेट घ्या किंवा फ्लास्क बर्फाच्या पाण्यात ठेवा. पुरेसं घातलं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे: फ्लास्क फिरवल्यावर काही कण तरी सुटे फिरले पाहिजेत. सगळे गोळा होऊन चिकटले तर अजून घाला. पंधरा-वीस मिनिटं ठेवा, गाळा.

पायरी ४: उत्कलनबिंदू, पुण्याच्या हिशेबाने

पहिलं काम थर्मामीटर तपासण्याचं. वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का बघा. मग ऊर्ध्वपातित पाण्याच्या उकळत्या वाफेत धरा. तिथे तो १०० दाखवत असेल तर खूश होऊ नका. पुण्यात पाणी सुमारे ९८.२ अंशांना उकळतं. १०० दाखवणारा थर्मामीटर जवळपास दोन अंश पुढे आहे आणि तो फरक प्रत्येक रीडिंगमधून वजा करावा लागेल.

दुसरं काम हवेचा दाब. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. त्या उंचीवर दाब साधारण ९४८ हेक्टोपास्कल, म्हणजे ७११ मिलिमीटर पारा असतो. समुद्राकाठी तो ७६० असतो. फिजिक्सच्या लॅबमध्ये भिंतीवर फॉर्टिनचा बॅरोमीटर असेल तर त्या दिवसाचं रीडिंग तिथून घ्या. काही मोबाइलमध्येही दाबाचा सेन्सर असतो, तो चालेल. हेक्टोपास्कलला ०.७५ ने गुणलं की मिलिमीटर मिळतात. हवामानाच्या ॲपवरचा आकडा मात्र घेऊ नका. ॲप १०१० वगैरे दाखवतं, कारण तो दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. नकाशावर ठिकठिकाणच्या दाबांची तुलना करायला ते बरोबर आहे, तुमच्या फ्लास्कला त्याचा काही उपयोग नाही.

शहरातल्या शहरात उंची बदलते, त्याची चिंता नको. लोहगाव विमानतळ ५९२ मीटरवर आहे. शिवाजीनगरच्या तुलनेत तिथे उत्कलनबिंदूत फरक पडतो तो ०.१ अंशाचा. पावसाळ्यात दाब थोडा उतरतो आणि थंडीत चढतो, त्यानेही पाव अंशाच्या आसपासच हलतं. सिंहगडावर जाऊन हाच प्रयोग केला तर मात्र १३०० मीटरवर तोच द्रव साडेबहात्तरला उकळेल.

आता प्रत्यक्ष मोजणी. थोडंच द्रव असेल तर कॅपिलरीची पद्धत सर्वांत चांगली. छोट्या इग्निशन ट्यूबमध्ये पाच-सहा थेंब घ्या. एका टोकाला बंद केलेली कॅपिलरी उघडं टोक खाली करून त्यात सोडा. ट्यूब थर्मामीटरला अशी बांधा की द्रव आणि पाऱ्याचा फुगा एका पातळीत येतील. रबराची रिंग वर, बाथच्या पातळीच्या बाहेर ठेवा. इथाइल ॲसिटेटसाठी पॅराफिनची गरज नाही, बीकरमधलं पाणी पुरतं. ते विजेच्या हॉटप्लेटवर तापवा, ज्योतीवर नको.

सत्तरच्या जवळ आल्यावर घाई सोडा. मिनिटाला एक-दोन अंश, याहून जास्त नको. कॅपिलरीतून आधी तुरळक बुडबुडे येतात, ती आतली हवा. मग बुडबुड्यांची अखंड धार लागते. इथे रीडिंग घ्यायचं नाही. हॉटप्लेट बंद करा आणि बघत राहा. धार मंदावते, थांबते आणि द्रव कॅपिलरीत शिरायला लागतो. त्या क्षणी आतल्या बाष्पाचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब समान झालेला असतो. तोच उत्कलनबिंदू. गार होऊ देऊन, नवी कॅपिलरी घालून पुन्हा करा. दोन रीडिंग अर्ध्या अंशाच्या आत आली पाहिजेत.

मिळालेला आकडा समुद्रसपाटीला न्यायचा हिशेब असा:

दुरुस्ती = ०.०००१२ × (७६० − त्या दिवसाचा दाब) × (२७३ + मिळालेला उत्कलनबिंदू)

७११ मिलिमीटरला ७५.० मिळाले असतील तर ०.०००१२ × ४९ × ३४८, म्हणजे सुमारे २.०. दुरुस्त उत्कलनबिंदू ७७.०. पाणी किंवा अल्कोहोल असेल तर ०.०००१२ ऐवजी ०.०००१० घ्या, कारण हायड्रोजन बंधाने धरलेल्या द्रवांत दाबाचा परिणाम थोडा कमी असतो.

दोन अंशांसाठी एवढा खटाटोप का, असं वाटत असेल तर हे बघा. मिथाइल प्रोपिओनेट नावाचं दुसरं एस्टर आहे. अणू तेच, रेणुभार तोच ८८.११, वासही फळाचा. त्याचा पुस्तकी उत्कलनबिंदू ७९.८. पुण्यात ते ७७.७ ला उकळतं. दुरुस्ती न करता जो विद्यार्थी ‘७७ आलं, म्हणजे इथाइल ॲसिटेट’ असं म्हणतो, त्याच्या ट्यूबमध्ये मिथाइल प्रोपिओनेट असू शकतं. आणि ज्याच्याकडे खरंच इथाइल ॲसिटेट आहे, त्याला ७५ येतं म्हणून तो गोंधळतो. दुरुस्ती केली की दोघेही बरोबर जागेवर येतात.

पायरी ५: घनता आणि अपवर्तनांक

घनता विशिष्ट गुरुत्वाच्या बाटलीने काढा. रिकामी, पाण्याने भरलेली, एस्टरने भरलेली, अशी तीन वजनं. बाटली हाताच्या पंज्यात धरू नका, मानेला धरा. हाताच्या उबेने एस्टर फुगून बुचाच्या छिद्रातून बाहेर येतं. पुस्तकातला ०.९०२ हा आकडा २० अंशांचा आहे. दर अंशामागे घनता सुमारे ०.००१२ ने उतरते, म्हणून ३० अंशांच्या लॅबमध्ये ०.८८९ च्या जवळपास आली तर बरोबर. मिथाइल प्रोपिओनेटची घनता २० अंशांना ०.९१५ असते, त्यामुळे इथेही दोघं वेगळे पडतात.

रिफ्रॅक्टोमीटर असेल तर २० अंशांना अपवर्तनांक १.३७२ येईल. दर अंशामागे साधारण ०.०००५ कमी करा.

पायरी ६: हे एस्टरच आहे का

यासाठी हायड्रॉक्झॅमिक आम्लाची चाचणी. आधी कंट्रोल, म्हणजे हायड्रॉक्सिलअमीन न घालता तुलनेची चाचणी करा: एक थेंब द्रव, एक मिली अल्कोहोल, एक मिली पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक थेंब फेरिक क्लोराइड. रंग आला तर त्यात फिनॉलसारखं काहीतरी आहे आणि ही चाचणी तुमच्या उपयोगाची नाही. नुसता पिवळसर राहिला तर पुढे जा.

एक थेंब एस्टर, एक मिली हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइडचं अल्कोहोलमधलं द्रावण आणि पाच-सहा थेंब तीव्र सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र करा. वॉटर बाथमध्ये उकळी येऊ द्या. गार करा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी करा, गढूळ झालं तर थोडं अल्कोहोल घाला, मग फेरिक क्लोराइडचा एक थेंब. जांभळट लाल, वाईनसारखा रंग आला की एस्टर. आम्ल क्लोराइड आणि अनहायड्राइड हेही असाच रंग देतात, पण ते पाण्यात पडताच आम्ल होतात आणि बायकार्बोनेटला बुडबुडे देतात. पहिल्या पायरीतच ते गळलेले असतात.

पायरी ७: तोडून बघणं

कुठलं एस्टर आहे हे नक्की करायचं तर ते फोडून दोन्ही तुकडे ओळखावे लागतात. दोन मिली एस्टर आणि दहा मिली दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, पोर्सेलिनचे दोन तुकडे घालून रिफ्लक्सला लावा, म्हणजे वर कंडेन्सर लावून असं उकळा की वाफ गार होऊन परत खाली पडेल. उन्हाळ्यात इथे एक अडचण येते. नळाचं पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येतं आणि दुपारी ते कोमट नव्हे, गरमच असतं. कंडेन्सर गार राहिला नाही तर एस्टर वरून निघून जातं. बादलीत बर्फाचं पाणी आणि कूलरमधला छोटा पंप, एवढ्यावर काम भागतं आणि पाणीही वाचतं.

वरचा तेलकट थर नाहीसा झाला आणि फळाचा वास गेला की फुटणं पूर्ण झालं. आता पहिले दोन मिली ऊर्ध्वपातित करून घ्या. त्यात इथेनॉल असेल तर आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर आयोडोफॉर्मचे पिवळे स्फटिक आणि त्याचा दवाखान्यासारखा वास येतो. मिथाइल प्रोपिओनेटमधून मिथेनॉल निघतं, ते आयोडोफॉर्म देत नाही. उरलेल्या द्रावणात सोडियम ॲसिटेट असतं. ते अगदी उदासीन करून फेरिक क्लोराइड घातलं की गडद लाल रंग येतो, उकळलं की तपकिरी साका. ‘उदासीन’ हा शब्द इथे गंभीरपणे घ्या, आम्ल थोडं जरी जास्त झालं तरी रंग येत नाही.

संख्या हवी असेल तर तुल्यांकभार काढा, म्हणजे एक मोल अल्कली खर्च करणारं एस्टरचं वजन. ०.४४ ग्रॅम एस्टर झाकणाच्या बाटलीत वजन करा, उघड्या बाटलीत वजन करता करताच ते उडतं. २५ मिली ०.५ नॉर्मल अल्कोहोली पोटॅश (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून अर्धा-पाऊण तास रिफ्लक्स करा. सोबत एस्टर न घातलेला दुसरा फ्लास्कही तसाच उकळा. दोन्ही ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने, फिनॉल्फ्थॅलिन वापरून टायट्रेट करा. कोऱ्याला २५.० मिली आणि एस्टरच्या फ्लास्कला १५.० मिली लागलं तर फरक १० मिली. ०.४४ ला १००० ने गुणा, १० × ०.५ ने भागा: ८८. रेणुभाराशी जुळतं.

न तापवताही एस्टर अल्कलीने याच मार्गाने तुटतं, फक्त वेळ लागतो. २५ अंशांना एस्टर आणि सोडियम हायड्रॉक्साइड दोन्ही ०.०१ मोलर असतील तर निम्मं तुटायला पंधरा मिनिटं लागतात. कायनेटिक्सचं, म्हणजे अभिक्रियेचा वेग मोजण्याचं प्रॅक्टिकल याच वेगावर उभं आहे. त्या प्रॅक्टिकलला सकाळच्या आणि दुपारच्या बॅचचे स्थिरांक जुळत नाहीत त्याचं कारण लॅबचं तापमान असतं. वॉटर बाथ वापरा आणि तापमान लिहा.

आणखी दोन एस्टर, आणि मधमाश्या

आयसोअमाइल ॲसिटेट म्हणजे केळ्याच्या इसेन्सचा वास. पुस्तकात १४२ अंश, पुण्यात १३९.६ च्या आसपास. हे बनवताना खिडकीबाहेर नजर टाका. मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्या माश्यांना धोक्याची सूचना देणारा जो वास सुटतो, त्यातला मुख्य घटक हेच एस्टर आहे. बॉख, शिअरर आणि स्टोन यांनी ते १९६२ मध्ये ओळखलं. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली, हा योगायोग मला फार आवडतो. आपल्या शहरात कॉलेजांच्या जुन्या दगडी इमारतींच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लागतं. तसं मोहोळ लॅबजवळ असेल तर हा प्रयोग त्या बाजूला करू नका आणि कपड्यांवर सांडलं असेल तर बदलल्याशिवाय तिकडून जाऊ नका.

मिथाइल सॅलिसिलेट हे दुखण्यावरच्या मलमाच्या वासाचं एस्टर. सॅलिसिलिक आम्ल, मिथेनॉल आणि सल्फ्युरिक आम्ल यांपासून बनतं. मिथेनॉल विषारी, म्हणून फ्यूम हूडमध्येच काम करा. याची घनता १.१८, त्यामुळे हे पाण्याखाली बसतं. ‘एस्टर नेहमी वरचा थर’ असं समजून खालचा थर सोडून देऊ नका. यात फिनॉलचा गट शिल्लक असतो, म्हणून सहाव्या पायरीतला कंट्रोलच जांभळा होतो. उत्कलनबिंदू २२२, इथे २१९ च्या जवळ. तो पाण्याच्या बाथवर काढता येत नाही, आणि थर्मामीटरची बाथबाहेर राहिलेली दांडी गार असल्याने आणखी काही अंश कमी दिसतात.

जर्नल आणि टाकाऊ द्रव

उरलेलं एस्टर बेसिनमध्ये ओतू नका. त्याचं बाष्प पाइपमध्ये साठतं आणि पलीकडच्या टेबलावरच्या सिंकमधून वर येतं. हॅलोजन नसलेल्या द्रावकांची वेगळी बाटली ठेवा, त्यात टाका आणि झाकण घट्ट लावा.

जर्नलमध्ये एक ओळ अशी यायला हवी: ‘निरीक्षित उत्कलनबिंदू ७५.० अंश, हवेचा दाब ७११ मिलिमीटर, ७६० मिलिमीटरला दुरुस्त ७७.० अंश, घनता ०.८८९, तापमान ३० अंश.’ परीक्षकांनी ‘७५ का?’ असं विचारलं तर बॅरोमीटरचं रीडिंग दाखवा.